नाव, निशाणी आणि सीमा

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या व्यक्तीच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्या आमच्या हेडसरांसमोर उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्या वाट्याला शाळकरी वयात अनेकदा आला. पण त्या वेळी विषय बहुधा 'उशीर का झाला' हा असे. आज साठ वर्षांनंतर त्याच सभागृहात, त्यांच्या तसबिरीसमोर, हार घालून घेऊन मी उभा आहे. संकोच मात्र तेव्हाइतकाच वाटतो आहे.

व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा चिटणिसांचा मला फोन आला. ते म्हणाले, "सर, आपण जन्मभर मराठी शिकवले. संतसाहित्य किंवा सीमाभागातील मराठी यावर बोलाल असे आम्हांला वाटले होते. हे व्यापारचिन्हाचे प्रकरण कोठून आले?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी वकील नाही, व्यापारीही नाही. माझी डॉक्टरेट शब्दांच्या इतिहासावरची आहे. परंतु व्यापारचिन्ह म्हणजे तरी काय? एक शब्द, एक चित्र, एक निशाणी. तो शब्द कोणाचा, यावरून माणसे न्यायालयात जातात. शब्द कोणाचा हा प्रश्न जर भाषेच्या अध्यापकाचा नसेल, तर मग तो कोणाचा आहे?

प्रकरण आले ते आपल्या उद्यमबागेतून. खानापूर रस्त्यावरची ही वसाहत येथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरची भाकर आहे. फाउंड्रीतली काळी वाळू, लेथच्या पात्याखालून निघणारे चकचकीत वेटोळे, पाळी सुटल्याचा भोंगा हे सारे तुमच्या ओळखीचे आहे. गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथेच आहे. तेथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा यंत्रभाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. तो आज सभागृहात आहे आणि मान खाली घालून बसला आहे, एवढेच सांगतो.

त्याच्या धाकट्या मुलीने कारखान्याच्या मागच्या खोलीत एक निराळाच उद्योग मांडला. निपाणीकडच्या पाच-सहा कारागिरांकडून ती कोल्हापुरी चपला करून घेई, त्यांचे फोटो काढी आणि ऑनलाइन विकी. पहिली गिऱ्हाइके पुण्या-मुंबईची होती. पुढे लंडन, न्यू जर्सी येथील मराठी घरांतून मागणी येऊ लागली. उद्यमबागेतून लोखंडी सुटे भाग परदेशी जातात, हे आपण जाणतो. त्याच रस्त्याने आता हाताने शिवलेले पायताण जाऊ लागले, याचा बापाला कोण अभिमान!

२०२४ च्या दिवाळीपूर्वी एके दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. हातात छापून आणलेली तीन पाने. म्हणाला, "सर, हे इंग्रजी पत्र जरा वाचा की. पोरीचं दुकान बंद केलंय त्यांनी."

परदेशातील एका पादत्राणाच्या कंपनीने त्या ऑनलाइन बाजारपेठेकडे तक्रार केली होती. तिचे म्हणणे असे की, या मुलीने वापरलेला 'कापशी' हा शब्द आणि चपलेच्या तळावर उमटवलेली आकृती या दोन्ही गोष्टी आमच्या नोंदणीकृत चिन्हाचा भंग करतात. तक्रार येताच बाजारपेठेने चौकशी न करता तो माल पानावरून उतरवला. आधी झालेल्या विक्रीचे पैसेही अडकवून ठेवले. पत्रात उत्तरासाठी थोड्या दिवसांची मुदत होती आणि पुढे न्यायालयाचा धाक होता.

कापशी! आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी त्या गावात असतील. कागल तालुक्यातील सेनापती कापशी हे गाव निपाणीपासून काही दूर नाही. कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक जुना घाट. पुकरी, बक्कलनाळी, कचकडी अशी त्याची भावंडेही आहेत. त्या गावाच्या नावाचा शब्द सातासमुद्रापलीकडचा कोणी आपला म्हणतो, हे वाचून माझ्याही डोक्याची शीर उडाली. कारखान्यातले एक उत्साही गृहस्थ म्हणाले, "उत्तरच देऊ नका. ते काय इथवर येणार आहेत?" दुसरे म्हणाले, "वर्तमानपत्रात देऊ, मोर्चा काढू." तिसरे म्हणाले, "नाव बदलून टाका आणि मोकळे व्हा."

मित्रहो, सीमाभागात आपल्याला या तिन्ही सल्ल्यांची सवय आहे. दुर्लक्ष करणे, संतापणे आणि शरण जाणे. हेडसरांचा चौथा मार्ग असे. तक्रार घेऊन गेलेल्या मुलाला ते म्हणत, "आधी काय झाले ते कागदावर लिहून आण." लिहिता लिहिता निम्मी भांडणे विरघळत आणि उरलेल्यांत कोणाचे किती चुकले ते कळे. आम्ही तेच केले. एक कागद घेतला आणि त्यावर प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न, तक्रारदाराचा हक्क कोणत्या जातीचा आहे? आपण सारेच 'कॉपी केली' हा एकच शब्द वापरतो. कायदा मात्र येथे निरनिराळे हक्क मानतो. छायाचित्र, मजकूर, रेखाटन यांवर कॉपीराइट असतो. नव्या शोधावर पेटंट असते. माल कोणाच्या दुकानचा हे सांगणारी खूण ती व्यापारचिन्ह. आणि माल कोणत्या भूमीचा हे सांगणारी खूण ती भौगोलिक निर्देशक, जिला आता सर्वजण 'जी. आय.' म्हणतात. व्यापारचिन्ह एका धन्याचे असते, भौगोलिक निर्देशक एका मुलखाचा असतो. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

आपल्याकडे हा कायदा नवा नाही. व्यापारचिन्हांचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० चा, दुसरा १९५८ चा. आजचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. भौगोलिक निर्देशकांचा कायदाही १९९९ चाच आणि तोही त्याच दिवशी अमलात आला. निपाणीच्या लोकांना तर हे शिकवायला नकोच. तंबाखू आणि विडी यांच्या व्यापारात कट्ट्यावरचे लेबल म्हणजे सर्वस्व. अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईकदेखील चित्र पाहून आपली विडी ओळखत असे. निशाणी ही निरक्षराची लिपी आहे, असे मी वर्गात सांगत असे, ते निपाणीच्या बाजारातच शिकून.

दुसरा प्रश्न, नोंदणी कोणत्या देशात, कोणत्या वर्गात आणि कोणत्या तारखेची? नोंदणीसाठी मालाचे आणि सेवांचे ४५ आंतरराष्ट्रीय वर्ग पाडलेले आहेत. पादत्राणे २५ व्या वर्गात येतात, चामड्याच्या पिशव्या १८ व्या वर्गात. एका वर्गातला हक्क दुसऱ्या वर्गात आपोआप पोहोचत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. व्यापारचिन्ह हे देशाच्या वेशीशी थांबते.

अर्थात या नियमालाही वळणे आहेत. १९९६ साली व्हर्लपूल या कपडे धुण्याच्या यंत्राच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, एखाद्या चिन्हाची कीर्ती माल येण्याआधीच सीमा ओलांडून येऊ शकते. जाहिराती, नियतकालिके, प्रवासी यांच्या मार्फत ती येते. परंतु २०१७ साली टोयोटा कंपनीच्या 'प्रियस' या नावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तराजूचे दुसरे पारडे दाखवले. जगभर नाव आहे एवढे सांगून भागत नाही. भारतातील कंपनीने ते नाव वापरू लागण्याच्या वेळी भारतातल्या ग्राहकांत ती कीर्ती पोहोचली होती, याचा पुरावा हवा. तो टोयोटाला देता आला नाही. जगप्रसिद्ध कंपनी हरली आणि दिल्लीची सुटे भाग करणारी कंपनी जिंकली. उद्यमबागेतील मंडळींनी हा निकाल लक्षात ठेवावा. मोठे नाव पाहून गुडघे टेकण्याचे कारण नसते.

तिसरा प्रश्न, माल कोठे विकला? येथे ऑनलाइन व्यापाराने सारी घडी बदलून टाकली आहे. पूर्वी बेळगावच्या दुकानदाराला शिकागोच्या न्यायालयाशी काही देणेघेणे नसे. आता दुकानाची पाटी एकाच वेळी शंभर देशांत दिसते. मग शंभर देशांची न्यायालये त्याला ओढू शकतात काय? २००९ साली बनियन ट्री या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेले उत्तर मला शहाणपणाचे वाटते. वेबसाइट नुसती दिसते एवढ्याने अधिकार येत नाही. तेथल्या गिऱ्हाइकाला उद्देशून मुद्दाम व्यवहार केला आहे काय, हे पाहावे लागते. इतर देशांतही अशाच धाटणीची कसोटी लावतात. आपल्या मुलीने त्या परदेशात माल मुद्दाम पाठवला होता. डॉलरमध्ये किंमत लावली होती. तेव्हा 'आमचा काय संबंध' असे म्हणण्याची सोय तिला नव्हती.

'ते काय इथवर येणार आहेत' असे म्हणणाऱ्या गृहस्थांसाठी दोन गोष्टी सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ या कलमाप्रमाणे, ज्या देशांशी भारताचा परस्पर व्यवस्थेचा संबंध आहे, उदाहरणार्थ ब्रिटन, तेथल्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा येथे आणून बजावता येतो. अमेरिका त्या यादीत नाही. तेथल्या निकालाच्या आधारे येथे नवा दावा लावावा लागतो. म्हणजे अमेरिकेचे पत्र फाडून टाकावे काय? मुळीच नाही. शिकागोच्या संघीय न्यायालयात गेली काही वर्षे एक पद्धत रूढ झाली आहे. एकाच दाव्यात शेकडो ऑनलाइन विक्रेत्यांची यादी जोडतात, ती आरंभी गुप्त ठेवतात आणि विक्रेत्यांच्या खात्यांतील पैसे गोठवण्याचा हुकूम मिळवतात. उत्तर न देणाऱ्यावर एकतर्फी निकाल होतो. विक्रेता बेळगावात असला, तरी त्याचे पैसे त्या बाजारपेठेच्या हातात असतात. त्यामुळे इथवर यायची त्यांना गरजच पडत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड होता. आपले काही चुकले आहे काय?

मी मुलीला विचारले, "तळावरची ही आकृती कोठून आणलीस?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ठसा करणाऱ्याला 'काहीतरी चांगलं काढ' म्हणून सांगितलं होतं. त्यानं इंटरनेटवरून उचललं असणार. मी विचारलं नाही." आम्ही दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या. शंकेला जागा नव्हती. ती आकृती त्या कंपनीचीच होती, दोन रेषा इकडेतिकडे केलेली.

मंडळी, त्या क्षणी खोलीतला सगळा आवेश उतरला. मोर्चा काढण्याची भाषा करणारे गृहस्थ चहा आणायला निघून गेले. आपल्या गावाचा शब्द परक्याने घेतला म्हणून आम्ही संतापलो होतो आणि परक्याचे चित्र आमच्याच चपलेच्या तळाशी होते.

येथे मला हेडसरांची आठवण आली. एकदा एका मुलाने दुसऱ्याची वही घेऊन तिच्यावरचे नाव खोडले होते. सरांनी दोघांनाही बोलावले. ज्याने खोडले त्याला शिक्षा केलीच. पण ज्याची वही, त्यालाही विचारले, "तू नाव पेन्सिलीने का लिहिले होतेस?" त्या वेळी हा अन्याय वाटला. दुसऱ्याचे नाव पुसू नये आणि आपले नाव पुसले जाईल असे लिहू नये, हे दोन्ही धडे त्यांनी एकाच तासात दिले होते, हे पुढे फार वर्षांनी कळले.

आता आमचे उत्तर. बेळगावच्या एका वकिलांच्या सल्ल्याने ते तयार झाले. भाषा मात्र मी पाहिली. त्यात तीन भाग होते. पहिला, आकृतीविषयी. ती आमच्याकडून अनवधानाने वापरली गेली, वापर थांबवला आहे, उरलेला माल त्या ठशासह विकणार नाही, असे स्वच्छ लिहून दिले. दुसरा, शब्दाविषयी. 'कापशी' हे आमच्याकडील गावाचे नाव असून त्या घाटाच्या चपलेला आमच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या तेच म्हणतात. आम्ही तो शब्द दुकानाचे नाव म्हणून वापरत नाही, मालाचा प्रकार सांगण्यासाठी वापरतो. असा प्रामाणिक वर्णनात्मक वापर आपल्या कायद्याला मान्य आहे आणि युरोप-अमेरिकेच्या कायद्यांनाही. तिसरा भाग, पुरावा. गावाचा नकाशा, कारागिरांच्या घरी निघालेल्या जुन्या पावत्या, कोल्हापूरच्या बाजारातील पाट्यांची छायाचित्रे. प्रत्येक कागदाला क्रमांक आणि तारीख घातली, सोबत इंग्रजी भाषांतर जोडले. धमकीला धमकी दिली नाही. निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आपल्या व्यापारचिन्ह कायद्याच्या १४२ व्या कलमात आहे, पण जिची निम्मी तक्रार खरी आहे तिला निराधार म्हणणे शोभले नसते.

पुराव्याच्या सामर्थ्याविषयी एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो. ते व्यापारचिन्हाचे नसून पेटंटचे आहे, पण धडा तोच. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या आयांनी बोट कापल्यावर आधी हळदीचा डबा काढला नाही, असे घर दाखवा! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करवून घेतले. 'आमच्या आजीला ठाऊक होते' एवढे सांगून ते झाले नाही. संस्कृत, उर्दू ग्रंथांतले आणि छापील नियतकालिकांतले लिखित उल्लेख शोधून, भाषांतर करून सादर करावे लागले. जे लिहिलेले असते तेच परक्या न्यायासनासमोर उभे राहते. भाषेच्या अध्यापकाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

आमचे उत्तर गेले. काही आठवड्यांनी बाजारपेठेने माल पुन्हा पानावर चढवला, ठशाविना. कंपनीने शब्दाचा आग्रह पुढे रेटला नाही. तो सोडला असेही लिहून दिले नाही. पैसे मोकळे झाले. परंतु तोवर दिवाळी उलटून गेली होती.

तो तोटा कोणाचा झाला? मुलीच्या वडिलांचा कारखाना होता, ती तरली. निपाणीकडचे जे वयस्कर कारागीर तिला चपला देत, त्यांच्याकडे मी तिच्याबरोबर गेलो. घराच्या पडवीत रापी आणि आरी तशीच पडलेली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचे तुकडे गुंडाळून ठेवलेले. सणासाठी धरलेले काम अडल्यामुळे त्यांनी हातउसने पैसे घेतले होते. मी त्यांना झाला प्रकार समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सर, त्येंच्या नावावर नोंद हाय म्हणताय. मग आमच्या नावावर काय हाय?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिराने केलेला प्रयत्न आहे.

उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळले की, त्यांच्या नावावर नसले तरी त्यांच्या मुलखाच्या नावावर काही आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशक मिळाला आहे. आणि तो केवळ कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा मिळून तो हक्क आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ हे दोघे मिळून त्याचे नोंदणीकृत स्वामी आहेत.

मित्रहो, या वस्तुस्थितीकडे आपण सीमाभागातील माणसांनी थोडे थांबून पाहावे. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, या साऱ्यातून आपली पिढी गेली. आपल्या गावाच्या नावाची सरकारी पाटी २०१४ च्या नोव्हेंबरात बदलली. नावाचे दुःख काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको. त्याच मुलखात, न्यायालयात परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन राज्यांची दोन महामंडळे एका चपलेसाठी शेजारी शेजारी बसली. अथणीचा समगार आणि कोल्हापूरचा चर्मकार यांच्या हातांत एकच कसब आहे, हे त्या कागदाने मान्य केले. सीमावादाचा निकाल त्याने लागत नाही. पण दोन मुलखांचा हक्क एकत्र लिहिता येतो, हे त्याने दाखवले.

त्या हक्काची कसोटी लवकरच लागली. जून २०२५ मध्ये इटलीत, मिलान येथे, प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात जी पादत्राणे मांडली, ती पाहून कोल्हापुरापासून अथणीपर्यंत एकच गलका झाला. अंगठा, पट्टे, घाट सारे ओळखीचे, पण कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेने कंपनीला पत्र लिहिले. कंपनीनेही उत्तरादाखल, ही पादत्राणे भारतातील हस्तकलेवरून स्फुरली असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. कारण काय? हक्क ज्यांच्या नावावर नोंदला आहे, ते न्यायालयात येऊ शकतात. त्यांच्या वतीने परस्पर दुसऱ्यांनी का यावे?

या निकालावर अनेकांनी नापसंती दर्शवली. मला मात्र त्यात हेडसरांचा प्रश्न ऐकू आला. वही कोणाची? तर ज्याची, त्याने यावे. आणि आणखी एक मर्यादा तेथे उघड झाली. आपल्या देशातील भौगोलिक निर्देशक इटलीत आपोआप चालत नाही. तोही वेशीशी थांबतो. गंमत अशी की, गावाच्या नावाचा मान राखण्यात युरोपइतका काटेकोर मुलूख दुसरा नाही. इटलीतील पार्मा आणि त्याच्या आसपासच्या ठरावीक प्रदेशाबाहेर केलेल्या चीजला तेथे पार्माचे नाव लावू देत नाहीत. स्वतःच्या नावांसाठी त्यांनी जो नियम बांधला, तो आपल्या नावांसाठी मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण तो मागावा लागतो, अर्ज करून आणि पाठपुरावा करून.

त्या प्रकरणाचा पुढचा अध्याय ११ डिसेंबर २०२५ च्या सुमारास लिहिला गेला. प्राडा आणि वर सांगितलेली दोन्ही महामंडळे यांच्यात करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगातील ४० दुकानांतून व ऑनलाइन विकायचे, असे जाहीर करण्यात आले. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो सांगितली गेली. त्यातील किती पैसे निपाणीच्या पडवीत पोहोचतील, यावर आपण नजर ठेवली पाहिजे. कारागिरांच्या नावाने जाहीर झालेले पुष्कळसे काही मधल्या वाटेत मुरते, हे आपल्या अनुभवाचे आहे. तथापि तक्रारीची परिणती कामात झाली, एवढे श्रेय त्या कराराला दिले पाहिजे.

आता त्या वृद्ध कारागिरांच्या प्रश्नाकडे वळतो. "आमच्या नावावर काय हाय?" कायद्यात याचे उत्तर आहे. भौगोलिक निर्देशकाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तो निर्देशक आणि त्याचे स्वामी. दुसऱ्या भागात 'अधिकृत वापरकर्ते', म्हणजे तो माल प्रत्यक्ष करणारी माणसे, नावानिशी. १७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक कारागिराला तेथे आपले नाव घालता येते. ती नोंद दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. नोंद झालेल्या माणसाला निर्देशकाच्या भंगाविरुद्ध स्वतः दाद मागता येते. पहिला भाग पुष्कळदा वर्तमानपत्रात येतो. दुसरा भाग मात्र माणसांना कोणी सांगतच नाही.

याच वर्षी त्या मुलीने आणि आम्ही दोघा-तिघांनी मिळून काही कारागिरांचे अर्ज भरले. माझ्याकडे काम होते नावांचे. आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे. कोठे कानडीतून इंग्रजीत गेलेले, कोठे मराठीतून. एका माणसाची तीन नावे एक करणे, हे मला शब्दकोशाच्या कामापेक्षा अवघड गेले. त्या वयस्कर कारागिरांचा अर्ज भरताना मी विचारले, "सही करता की अंगठा?" ते म्हणाले, "सही. चौथीपतोर हितंच होतो की, तुमच्याच साळंत." आणि त्यांनी अतिशय सावकाश, वळणदार अक्षरांत, शिरोरेघ शेवटी ओढून आपले पूर्ण नाव लिहिले. ते वळण मी ओळखले. हेडसर पाटीवर तसेच गिरवून घेत असत. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे रवाना झाले आहेत. उत्तर यायचे आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्योगात आहात. तुम्हांला हात जोडून चार गोष्टी सांगतो. नाव ठेवण्याआधी नोंदवही पाहा. ती आता घरबसल्या पाहता येते. माल ज्या देशात पाठवायचा, त्या देशातही नोंदणीचा विचार करा. भारत २०१३ साली माद्रिद प्रोटोकॉलमध्ये सामील झाल्यापासून एका अर्जात अनेक देश मागता येतात. परदेशातून तक्रार आली, तर मुदत पाहा, कागद जपा, वकिलाला भेटा, आणि आपली चूक आधी आपणच शोधा. आणि ज्यांच्या हातांनी तुमचा माल होतो, त्यांची नावे कोठे लिहिलेली आहेत, हेही एकदा पाहून घ्या.

शाळेलाही एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत आपल्या घरच्या किंवा गल्लीतल्या कसबाचे शब्द गोळा करायला सांगावेत. हत्यारांची, कातड्याची, घाटांची, कोण काय म्हणतो ते, तारीख घालून. मराठी, कानडी, उर्दू, ज्या भाषेत असतील त्या भाषेत. ती वही शाळेच्या कपाटात राहावी. पुढेमागे कोणी परका विचारील, "हा शब्द तुमचा कशावरून?" त्या वेळी ती वही कामाला येईल. मला ठसे आणि पावत्या शोधत फिरावे लागले, तसे पुढच्या माणसाला फिरावे लागू नये.